वितळलेल्या कांड्या

मला लोक डॉक्टर म्हणायचे. मी डॉक्टर नव्हतो. मी होतो पशुधन पर्यवेक्षक, म्हणजे डॉक्टरच्या खालचा आणि चपराशाच्या थोडा वरचा. पण संग्रामपूर तालुक्यातल्या आमच्या त्या दवाखान्यात डॉक्टरची जागा इतकी वर्षं रिकामी होती की गावानं ती पदवी मलाच देऊन टाकली. मीही ती कधी परत केली नाही. फुकट मिळालेली पदवी कोण परत करतो?

माझ्या मोटारसायकलच्या मागं रबरी ट्यूबनं बांधलेला एक ॲल्युमिनियमचा डबा असायचा. बुटका, जाड, अरुंद गळ्याचा. त्याचं झाकण काढलं की पांढरा धूर बाहेर यायचा आणि वर जायच्या ऐवजी खाली जमिनीवर सांडायचा. ते पाहायला अर्धं गाव गोठ्यात जमायचं. मला तेव्हा मोठा चेव यायचा. मी एखादं झेंडूचं फूल त्यात बुडवून काढायचो आणि मुठीत दाबायचो, की त्याचा काचेसारखा चुरा व्हायचा. बाया तोंडाला पदर लावायच्या. मग मी भाषण द्यायचो. म्हणायचो, हा काही धूर नाही. आपण श्वास घेतो त्या हवेतलाच हा नत्र वायू. त्याला शून्याच्या खाली एकशे शहाण्णव अंशांपर्यंत थंड केलं की त्याचं पाणी होतं. आपलं पाणी चुलीवर उकळतं, हे पाणी आपल्या अंगणात, सावलीत, नुसतं ठेवलं तरी उकळतं. रात्रंदिवस उकळतं आणि उडून जातं. म्हणून दर पंधरा दिवसांनी जिल्ह्याहून गाडी येते आणि ते भरून देते.

त्या उकळत्या गारठ्यात मी कांड्या ठेवत असे. पेनातल्या रिफीलएवढ्या बारीक, रंगीत नळ्या, आणि प्रत्येकीत कुठल्यातरी दूरच्या वळूचं गोठवलेलं बीज. गाय माजावर आली की कांडी काढायची, कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची, आतला बर्फ वितळला की नळीत भरून गाईला द्यायची. माझी सगळी नोकरी या एवढ्याशा गोष्टीवर उभी होती. बीज त्या थंडीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं, आणि ती थंडी एकदा गेली की मरतं. डोळ्यांना मात्र काहीच कळत नाही. मेलेली कांडी आणि जिवंत कांडी शेजारी ठेवल्या तर ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. ते पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो. आमच्या दवाखान्यात तो होता आणि कपाटात होता. त्याच्या भिंगांना बुरशी लागून ती कधीच गेली होती.

त्या वर्षांत आमच्याकडे गाई आल्या. त्याआधी आलं होतं कापसाचं बीटी बियाणं. पहिली एकदोन वर्षं कापूस असा आला की लोकांनी ज्वारी पेरणंच सोडून दिलं. बांधापासून बांधापर्यंत कापूस. मग पानं लाल पडू लागली, बोंडं सडू लागली, आणि ज्या अळीला हे बियाणं पुरून उरणार होतं ती अळीच बियाण्याला पुरून उरली. तोवर ज्वारी गेली होती आणि ज्वारीबरोबर कडबाही गेला होता. बैलजोड्या विकल्या गेल्या होत्या, कारण त्यांना घालणार काय? पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, जनावर खात नाही, ती चुलीत घालायच्या कामाची. असं सगळं वैरणीचं वाळवंट करून झाल्यावर कुणालातरी वर सुचलं की कापसाच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांना जोडधंदा म्हणून दुभत्या गाई द्याव्यात. त्याही संकरित, परप्रांतातल्या. घोडं पाहून खोगीर घेतात एवढं तरी आपल्याला माहीत असतं. इथं खोगीर नाही, पागा नाही, नुसतं घोडं.

ट्रक आला त्या दिवशी मी उतरवून घ्यायला होतो. पांढऱ्याकाळ्या धिप्पाड गाई, घागरीएवढ्या कासा, आणि जिभा बाहेर काढून धापा टाकताहेत. ऊन असं की डांबर मऊ होऊन चपलेला चिकटत होतं. एक म्हातारा बराच वेळ पाहत उभा राहिला आणि मला म्हणाला की साहेब, इले कूलर लागते. सगळे हसले. मीही हसलो. त्यातल्या किती गाई पहिल्याच उन्हाळ्यात गेल्या, ते मी इथं सांगत बसत नाही. पंचनामे मीच केले.

एक गाय मात्र टिकली. गावाच्या टोकाला एक कुटुंब होतं. नवरा हंगामात खामगावला जिनिंगमध्ये कामाला, आठवड्यातून एकदा घरी. घरी बायको आणि एक मुलगी. त्या मायलेकींनी ती गाय जगवली. कडुलिंबाखाली बांधायची, अंगावर ओली पोती टाकायची, आणि दुपारभर एकीनं तरी तिच्याजवळ बसून पोत्यांवर पाणी शिंपडायचं. आमचा भाग खाऱ्या पाण्याचा. विहिरीचं पाणी त्या गाईला सोसत नाही म्हणून मुलगी लांबून नळाचं पाणी आणायची. सोयाबीनचं कुटार म्हणजे भुसा, तुरीचं कुटार, परवडेल तेव्हा सरकीची ढेप. गाईनं एक वेत दिलं आणि दूध लागलं.

त्या दुधावर मुलगी शेगावला अकरावी सायन्सला गेली. हे मी लिहायचं म्हणून लिहीत नाही, खरोखर त्या दुधावरच. खोलीचं भाडं, मेस, पुस्तकं, सगळं त्यातून निघायचं. बापानं सरळ अट घातली होती आणि ती माझ्यासमोरच घातली होती: गाय दूध देते तोवर शीक. गाय आटली आणि गाभण नसली, तर पोळ्याच्या आत विकायची, आणि मग आलेलं स्थळ पाहायचं. स्थळ आलेलं होतं. मोताळ्याकडचं. बाप वाईट नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच होतं की एका भाकड गाईला आणि एका शिकणाऱ्या पोरीला एकाच वेळी पोसणं त्याच्याच्यानं होणार नाही. यात चूक काढायला मला जागा सापडली नाही, आजही सापडत नाही.

मुलगी हुशार होती. फार हुशार. सुटीत घरी आली की एका वहीत गाईच्या माजाच्या तारखा लिहायची, एकवीस दिवसांनी पुढच्या तारखेवर खूण करायची, आणि बरोबर त्या दिवशी मला फोन करायची. फेब्रुवारीत एकदा आणि मार्चमध्ये एकदा मी कांडी दिली, दोन्ही वेळा गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. असं होतं. अशक्त गाय, वैरण कमी, तिसऱ्या खेपेला राहते. मी तसं सांगितलं. एप्रिलमध्ये माज दिसलाच नाही. उन्हाळ्यात या गाईंचा माज मुका असतो. हंबरत नाहीत, काही नाही, येतो आणि जातो. मुलगी घाबरली होती. तिनं मला विचारलं की आता मेमध्ये सापडला नाही तर? मी म्हटलं, सापडेल. तू आहेस ना नजर ठेवायला.

त्याच मेमध्ये माझ्या डब्याला घाम येऊ लागला.

दवाखान्यात एक मोठा डबा असतो, त्यातून आम्ही आपला छोटा डबा भरून फिरतो; घाम आला तो या मोठ्याला. या डब्यांना दोन भिंती असतात आणि मध्ये पोकळी, म्हणून बाहेरची उष्णता आत जात नाही. डबा चांगला असेल तर बाहेरून कोरडा ठणठणीत असतो. ती पोकळी बिघडली की बाहेरच्या अंगावर दव जमतं, आणि ज्याला या धंद्यातलं काही कळतं त्यानं तेव्हाच समजायचं की आतला नत्र आता दुप्पट वेगानं उडतोय. मी समजलो. तालुक्याला कळवलं. तिकडून उत्तर आलं की नवीन डबा मागवलाय. तो मागवलेला डबा मी निवृत्त होईपर्यंत येतच होता.

नत्र किती उरलाय हे पाहायला आमच्याकडे एक लाकडी पट्टी असते. ती तळापर्यंत बुडवायची, बाहेर काढून हवेत हलवायची, की जिथवर नत्र असेल तिथवर पट्टीवर पांढरं हिव धरतं. एरवी वीतभर पांढरं यायचं. मेच्या पहिल्या आठवड्यात चार बोटं आलं. गाडी येण्याचा दिवस होऊन गेला होता. फोन केला तर गाडी बिघडली होती. दुसऱ्या फोनला ड्रायव्हर रजेवर होता. शेजारच्या दवाखान्यातल्या माझ्यासारख्याच एकाला मागितला, तर तो म्हणाला माझ्याच पट्टीला दोन बोटं येतंय, तुला काय देऊ? मी डब्याभोवती ओलं पोतं गुंडाळलं. खिडकीला गोणपाट लावलं. जे त्या मायलेकी गाईला करत होत्या तेच मी डब्याला करत बसलो होतो.

एका शनिवारी पट्टी कोरडी निघाली. मी ती पुन्हा बुडवली, पुन्हा हलवली. लाकूड लाकडासारखंच राहिलं. झाकण उघडून आत पाहिलं, तर धूर नाही. हात गळ्याशी नेला, थोडा गारवा लागला, माठातल्यासारखा. बस.

मी तालुक्याच्या मोठ्या साहेबांना फोन लावला. त्यांना सगळं नीट समजत होतं, माझ्यापेक्षा जास्त समजत होतं, शिकलेले होते. डबा कोरडा पडला असं रजिस्टरात लिहिलं की आतल्या सगळ्या कांड्या बाद करायच्या. बाद केल्या की अहवाल द्यायचा, जबाबदारी ठरवायची, आणि चालू महिन्याचं उद्दिष्ट बोंबललं. साहेब म्हणाले, "कोरडा मनून लिहू नको. दोनचार दिवसात गाडी येऊन राह्यली. भरून घे, आन काम चालू ठेव." एवढंच. दरडावलं नाही, धमकावलं नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण नंतर मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो की माझ्यावर दबाव होता. दबाव कसला? एक वाक्य होतं. मला ते ऐकायचंच होतं. माझीही वेतनवाढ त्याच उद्दिष्टावर अडली होती. अळीमिळी गुपचिळी, दोघांनाही सोयीची.

सोमवारी ती मुलगी दवाखान्यात आली होती. गाईच्या गोचिडांचं औषध न्यायला. मी त्याच वेळी डबा उघडून पाहत होतो, गाडी नाहीच आली तर निदान किती बिघडलंय ते. ती दारात उभी राहिली, बाटली घेतली आणि गेली.

बुधवारी गाडी आली. नळी लावली, नत्र ओतला. गरम पडलेल्या डब्यात तो पडताच अशी काही तडतड झाली, आणि असा धूर निघाला, की सगळी खोली पांढरी झाली, गुडघ्यापर्यंत काही दिसेना. चपराशी खूश झाला. म्हणाला, आता कसं डबा जिवंत झाल्यासारखा वाटते. मी कांड्यांचा एक जुडगा उचलून पाहिला. त्याच गुलाबी, त्याच हिरव्या. पुन्हा टणक झालेल्या. पट्टीवर वीतभर हिव आलं आणि मी रजिस्टरात तेवढं मोजून लिहिलं.

शुक्रवारी सकाळी मुलीचा फोन आला. गाय माजावर होती, आणि या वेळी माज स्पष्ट होता. हंबरत होती, मागून चिकट सोट टाकत होती. आवाजातच आनंद कळत होता. मी जायला नको होतं. जाऊन खरं सांगितलं असतं तरी चाललं असतं: माझ्याकडचं बीज मेलंय, वरवट बकालकडे कुणाचा वळू असेल तर आज दुपारच्या आत गाय तिकडे न्या. जातिवंत नसता, पण वळू होता. मला माहीत होता. त्या एका वाक्यानं गाय गाभण राहिली असती कदाचित, माझी नोकरी गेली नसती, फार तर कुणीतरी विचारलं असतं की तुझा डबा काय करतो मग. मी डबा बांधला आणि गेलो.

गाय लिंबाखाली होती. आईनं पाणी तयार ठेवलं होतं. मेमध्ये आमच्याकडे पाणी तापवावं लागत नाही, टाकीतलंच जास्त गरम असतं. मुलीनं त्यात माठातलं पाणी घालून घालून माझ्या थर्मामीटरवर बरोबर आणलं. मी झाकण उघडलं. धूर सांडला. आई दोन पावलं मागे सरली, हात जोडल्यासारखे केले. मी चिमट्यानं कांडी काढली आणि पाण्यात धरली. मुलगी तीस आकडे मोजायची, ते तिचं ठरलेलं काम. या वेळी तिनं मोजायच्या आधी मला विचारलं.

"काका, आमच्या पदार्थविज्ञानात हाये का बर्फ वितळला का पाणी होते, आन तेच पाणी गोठवलं का परत बर्फ. काही जात नाही, काही कमी होत नाही. पण जीवशास्त्राच्या सरांनी सांगतलं का जिवंत पेशी एकदा वितळली आन परत गोठली का आतल्या बर्फानं फुटते. मंग या कांडीले कोणतं पुस्तक लागू होते?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती पाण्याकडे पाहत होती.

"सोमवारी झाकण उघडलं तवा धूर नव्हता," ती म्हणाली. हे तिनं हळू म्हटलं, आईला ऐकू जाऊ नये इतकं हळू. मला अडकवायला नाही. मला वाचवायला जागा ठेवून विचारत होती ती. सतरा वर्षांच्या पोरीला ही रीत कोणी शिकवली होती कोण जाणे.

मी म्हणालो, "पहिलं पुस्तक लागू होते. उन्हाळ्यात धूर कमी दिसते, त्याचं काही नाही. मोज."

ती मोजायला लागली. तीस झाल्यावर मी कांडी पुसली, नळीत भरली, आणि वितळलेलं, मेलेलं ते बीज पूर्ण काळजीपूर्वक, अगदी नियमानुसार त्या गाईला दिलं. हात धुतले. आईनं चहा दिला आणि मी तो प्यायलो. मुलीनं वहीत तारीख लिहिली.

त्या डब्यातल्या कांड्या मी पुढं दीड महिना वापरल्या. या गावात, त्या गावात. नंतर साठा संपला आणि नवीन आल्या. तिमाही आढाव्यात ज्यांनी उन्हाळ्यातही उद्दिष्ट पूर्ण केलं त्यांत माझं नाव वाचून दाखवलं गेलं. मी उभा राहिलो. टाळ्याही वाजल्या.

आणि नशीब असं वाकडं, की जूनमध्ये त्या गाईचा माज दिसला नाही. पाऊस लांबला होता, ऊन उतरत नव्हतं, माज पुन्हा मुका झाला. घरच्यांनी त्याचा अर्थ लावला तो कुणीही लावला असता. गाय उलटली नाही, म्हणजे राहिली. आईनं मला रस्त्यात गाठून पेढा दिला. माझ्या हातावर पेढा आणि मी उभा. मी खाल्ला तो पेढा. मुलगी शेगावला बारावीच्या वर्गात बसली. गाय आटत चालली होती, पण आता त्याचं कुणाला भय नव्हतं. गाभण गाय आटणारच. बापानं स्थळवाल्यांना एक वर्ष थांबा म्हणून निरोप पाठवला.

दोन महिन्यांनी मी हात घालून तपासायला हवं होतं. ते माझं काम होतं. तेव्हा कळलं असतं तरी पुढच्या माजाला वेळ होता. मी गेलो नाही. आईनं दोनदा बोलावलं, मी म्हटलं तीन महिने भरू द्या, लवकर हात घातला तर गाभ पडेल. हेही खोटंच. मी तिच्या गल्लीनं जाणं सोडलं. मोटारसायकल नाल्याकडून फिरवून न्यायचो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर भर दुपारचं ऊन होतं. दर एकवीस दिवसांनी त्या गाईचा एक माज मुका येऊन मुका जात असणार हे मला कळत होतं, आणि मी मोजत होतो, आणि जात नव्हतो.

ऑगस्टमध्ये बाप स्वतः आला आणि मला बरोबर घेऊन गेला. मुलगीही रविवारची घरी होती. मी कोपरापर्यंत हात घातला. आत काही नव्हतं. मला काही नसणार हे ठाऊक असूनही मी बराच वेळ हात तसाच ठेवला, कारण हात बाहेर काढला की बोलावं लागणार होतं.

मी म्हणालो, नाही राहिली.

कुणी माझ्यावर ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. आई म्हणाली की ढेप कमी पडली आमची, मधे पंधरा दिवस नुसत्या कुटारावर ठेवली होती, त्याचंच झालं. बाप म्हणाला ऊन तरी केवढं होतं. एकेक करून त्यांनी सगळा दोष आपल्या अंगावर घेतला, आणि मी हात धूत धूत मान हलवत होतो, हो, तसं असतं, वैरण कमी पडली की होतं असं. मुलीनं मला साबण दिला, पाणी घातलं, टॉवेल दिला.

पोळ्याच्या आधीच्या बाजारात गाय गेली. भाकड संकरित गाय कोण घेतं हे सगळ्यांना माहीत असतं आणि विकणारा ते विचारत नाही. दिवाळीपर्यंत मुलगी कशीबशी शेगावला राहिली. मग खोली सोडली. त्या हिवाळ्यात तिचं लग्न झालं. पत्रिका मला आली होती. मी गेलो नाही, तालुक्याला मीटिंग होती. मीटिंग खरंच होती.

बऱ्याच वर्षांनी माझी शेवटची बदली मोताळा तालुक्यात झाली. रोहिणखेडच्या बाजूला एका गावात शेळ्यांच्या लसीकरणाला गेलो होतो. रांगेत एक बाई चार शेळ्या घेऊन उभी होती. मी ओळखलं नाही, तिनं ओळखलं. काका म्हणाली. अंगानं भरली होती, चेहऱ्यावर उन्हाचे डाग होते. शेळ्या तिनं नीट धरल्या, कुठली आधी, कुठली गाभण, सगळं न विचारता सांगितलं. लस झाल्यावर माझ्यासाठी पाणी आणलं. मग इकडच्यातिकडच्या गोष्टी निघाल्या, आई कशी आहे, बाप आता जिनिंगला जात नाही, आणि तिची मुलगी सातवीला आहे. म्हणाली, तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात स्थायू, द्रव, वायू आले आहेत आणि ती मला विचारते, मी काही सांगत नाही.

मी विचारलं, काऊन? तू तर सायन्सची.

"माह्यावर माहा विश्वास नाही राह्यला," ती म्हणाली. रागानं नाही. शेळीच्या कानातली गोचीड काढत काढत. "तवा मले वाटलं होतं का जीवशास्त्राचं पुस्तक लागू होते. मले अगदी पक्कं वाटलं होतं. पण तुमी पहिलं पुस्तक म्हटलं, आन गाय खाली निघाली तवाही तुमी वैरणीचंच सांगतलं. मंग म्या मनात म्हटलं, आपल्याले या सायन्सातलं काही समजत नाही, उगाच बापाचे पैसे जाऊन राह्यले. खोली सोडतानी म्हणून जास्त वाईट नाही वाटलं."

इतकी वर्षं मी समजत होतो की मी तिची गाय घालवली. गाय काय, गेली असती आज ना उद्या. मी तिला तिच्या अकलेतून उठवलं होतं. जे तिला बरोबर कळलं होतं, ते चूक आहे असं मी तिच्या तोंडावर सांगितलं होतं, आणि तिनं माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून ते मानलं होतं.

रांगेतली माणसं ऐकत होती. ऐकू देत, असं मला पहिल्यांदा वाटलं.

मी म्हणालो, "पुस्तक बरोबर होतं. तुझं बरोबर होतं. डबा कोरडा पडला होता, मले माहीत होतं. मी खोटं बोललो."

ती गोचीड तशीच चिमटीत धरून उभी राहिली. मला वाटलं आता शिवी देईल. दिली असती तर मी ती डोक्यावर घेऊन घरी गेलो असतो. पण तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. दावी एकत्र करून हाताला गुंडाळली.

"हे त्याच वर्षी सांगायचं होतं, काका," ती म्हणाली. "त्या वर्षी माह्या कामी आलं असतं."

आणि चारही शेळ्या हाकत ती घराकडे गेली. मी पुढच्या माणसाला शेळी धरायला सांगितली.